आईनं पाय आखडून घेतले

डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "तुमच्या मुळशीकडं शूट केलेला एक भुताचा सिनेमा आलाय मोबाईलवर. बघण्यासारखा आहे का गं?"

"नाही," मी म्हणाले. "एक बंगला, एक बाई आणि भरपूर धूर. वेळ वाया घालवू नकोस."

"तू बघितलास?"

बघितला नव्हता. पण तो होताना बघितला होता, आणि भटारखाना बघून आलेल्या माणसाला जेवण कसं होतं ते विचारू नये. शिवाय त्यातलं भूत म्हणजे माझी आई होती, आणि आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. हे काही डब्यावर सांगण्यासारखं नव्हतं. मी लोणच्याची फोड तिच्या डब्यात टाकली आणि विषय बदलला.

रविवारी सकाळी नवरा मुलीला घेऊन पोहायच्या क्लासला गेला. पुण्याजवळ नांद्याला आमचा फ्लॅट आहे, तिथं मी एकटीच होते. कुकर लावला आणि त्याच्या शिट्ट्यांच्या साथीनं सिनेमा लावला.

आता सिनेमाबद्दल खरं सांगायचं तर तो वाईटच आहे. पुण्यातलं एक नवराबायकोचं जोडपं डोंगराकडचा बंगला विकत घेतं. त्या जागेवर पूर्वी एक सवाष्ण मेलेली असते, आणि तिच्या नवऱ्यानं लगेच दुसरं लग्न केलेलं असतं. म्हणून ती हिरव्या साडीत फिरत राहते. कुठल्या दाराआडून ती निघणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, कारण त्या दाराखालून आधी धूर येतो. शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून दाखवलेल्या प्रसंगात मागं निळं प्लॅस्टिकचं पिंप दिसतं आणि टेकडीवर मोबाईलचा टॉवर. रात्र म्हणून जे दाखवलंय ती रात्रच नाही. भर दुपारी खिडक्यांना शेतात अंथरायचा मल्चिंगचा काळा कागद लावून घेतलेली दृश्यं आहेत ती, नंतर निळी रंगवलेली. हिरॉईनच्या ओठावर घाम आहे. थंडीच्या रात्री.

आणि आईला आवाज दुसऱ्याच बाईचा दिलाय. घोगरा, खर्जातला, शहरी. आईला एकच वाक्य होतं सिनेमात आणि तेही तिच्या तोंडी तिचं नाही. मला एवढा राग आला की मी फोन उपडा ठेवून दिला. आईचे व्हिडिओ आमच्याकडं आहेत तसे, पण सगळे कुणाच्या ना कुणाच्या लग्नातले. त्यांत ती पाठमोरी तरी असते, नाहीतर हातात ताटं घेऊन कॅमेऱ्यासमोरून पळत असते. स्वस्थ बसलेली आई, समोरून, जवळून, अशी फक्त या टुकार सिनेमात आहे. म्हणून मग फोन पुन्हा सुलटा केला.

मुठा खोऱ्यात आमच्या गावच्या वरच्या अंगाला पुण्याच्या एका डॉक्टरांचा बंगला आहे. ते शनिवार-रविवारी येतात, बाकीचे दिवस तो कुलपात. किल्ली आमच्याकडं. झाडलोट आई करायची, बागेचं आबा, म्हणजे माझे वडील, बघायचे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या ओळखीतली काही पोरं सिनेमा काढायला म्हणून आली. दिग्दर्शक म्हणजे केसांची शेंडी बांधलेला, बोलायला साखर असलेला एक मुलगा. सगळ्यांना मावशी आणि काका म्हणायचा. पैसे बेताचेच होते हे त्यांच्या चपलांवरूनच कळत होतं. स्वयंपाक आईकडं लावला. पिठलं-भाकरी, भात-आमटी, एक दिवस कोंबडीचा रस्सा. धुरासाठी मशीन आणलं होतं ते पहिल्याच दिवशी बंद पडलं. मग आईनं घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर ओला पाला टाकून दिला. तो धूर एवढा जमला की कॅमेरामन खोकत बाहेर आला.

भुताचं काम करणारी नटी दोन-तीन दिवस आली आणि मग आलीच नाही. तिला म्हणे मालिका मिळाली. पोरं डोक्याला हात लावून पायरीवर बसली होती. आई त्यांना चहा द्यायला गेली. दिग्दर्शकानं कप घेतला आणि तिच्याकडं बघतच राहिला. आई उंच होती, अंगानं वाळकी, डोळे मोठे.

"मावशी, तुम्ही कराल का?"

"काय करायचं आसतं?"

"काही नाही. उभं राहायचं आणि बघायचं."

"ते तर मी रोजच करती," आई म्हणाली. "ह्यांच्याकडं बघत हुबी ऱ्हाती, कवा अंगुळीला जात्यात म्हनून."

असं आईचं सिनेमात पदार्पण झालं. मला फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आवाज लाजलेला होता. आयुष्यात तिला कुणी काम विचारलं ते भाकऱ्यांसाठी नाहीतर खुरपणीसाठी. तुझा चेहरा हवाय असं तिला पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं. मी शनिवारची मुद्दाम गावाला गेले.

त्या शनिवारी त्यांनी सवाष्णीच्या मरणाचा प्रसंग घेतला. दिग्दर्शकाला आमच्याकडची रीत ठाऊक नव्हती. त्यानं गावातल्या बायका बोलावल्या आणि सांगितलं, तुम्ही खरं जसं करता तसंच करा, मी फक्त कॅमेरा लावतो. बायकांना असं सांगणं म्हणजे चूकच, कारण त्यांनी खरंच तसं केलं. नवरा जिवंत असताना बाई गेली तर तिला नवरीसारखी नटवतात. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, केसांत वेणी, कपाळभर कुंकू, त्याला मळवट म्हणतात. ओटी भरतात. आणि सगळ्या सवाष्णी तिच्या पाया पडतात, वयानं मोठ्या असल्या तरी, कारण ती अहेव गेली, भाग्याची ठरली. बायकांनी घरून खणानारळ आणले. कुणी आपल्या देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला. सगळ्यांत पुढं माझी आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण. तिला हे मुळीच पसंत नव्हतं.

"जित्या बाईला आसं नटवू नये," ती आईला नटवता नटवता म्हणत होती. "आन् नटवायचंच तर नीट नटवावं, ह्यो काय आंबाडा घातलाय."

आईला घोंगडीवर निजवली. बायका ओळीनं पाया पडू लागल्या. आत्याची पाळी आली. आत्यानं वाकून आईच्या पायाला हात लावला आणि प्रेतानं झटकन पाय आखडून घेतले.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "मावशी, तुम्ही मेलाय."

"मेली म्हनून काय झालं," आई उठून बसत म्हणाली. "थोरल्या वन्सं हायेत त्या. त्यांना कशी पाया पडू दिऊ?"

पुन्हा घेतलं. पुन्हा आईचे पाय आत. आत्या चिडली, म्हणाली पडू दे की मला एकदाची. तिसऱ्यांदा आईनं दात-ओठ आवळून पाय ताणून धरले, पण आत्याचे हात लागल्यावर अंगठे तरी आत वळलेच. अख्खा जन्म गेला होता तिचा त्या सवयीत. शेवटी दिग्दर्शकानं नाद सोडला आणि पुढचं दृश्य घेतलं.

पुढचं होतं नवऱ्यानं शेवटचं कुंकू लावण्याचं. नवऱ्याचं काम करणारा पोरगा गोरा, गुबगुबीत हाताचा, मनगटावर गोंदण काढलेला. तो हात जवळून दाखवला तर शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी कोण म्हणणार? दिग्दर्शकाची नजर फिरत फिरत पडवीत उभ्या असलेल्या आबांच्या हातावर गेली.

आबांच्या हाताला आमच्या गावात मान होता. त्यांच्या हातगुणानं भाताचं रोप चांगलं उतरतं असं लोक मानायचे. मृगात कुणीही बी टाकायचं म्हटलं की पहिली मूठ टाकायला आबांना बोलावणं यायचं. घोटावड्याच्या भावकीतूनसुद्धा मोटारसायकल पाठवून न्यायचे त्यांना. तोच हात सिनेमात घेतला. आबा आढेवेढे घेत होते, पण मनातून खूश होते. ते आईशेजारी बसले. कॅमेरा फक्त आईच्या चेहऱ्यावर आणि त्यांच्या हातावर. मी लांब, वायरींच्या मागं उभी. आबांनी करंड्यात अंगठा बुडवला, आईच्या कपाळाला लावला, आणि लावता लावता वाकून तिला काहीतरी म्हणाले. काय ते मला ऐकू आलं नाही. पहिल्या झटक्यात दृश्य झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं मात्र लगोलग मीठमोहऱ्या ओवाळून आईची दृष्ट काढली आणि चुलीत टाकली. तडतडल्या खूप.

त्याच वर्षी भात कापणीला आलं तेव्हा आई डोकं दुखतंय म्हणून बांधावर बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्त साकळलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात काही दिवस यंत्रांवर काढले आणि मग आम्ही तिला घरी आणलं.

त्याच बायका आल्या. तीच हिरवी साडी कुणीतरी कपाटातून काढली, कारण ती एकच कोरी म्हणावी अशी होती. सिनेमावाल्यांनी आईला ती ठेवून घ्या म्हणून दिली होती. माझ्या ते लक्षात आलं, पण बोलायचं कुणाला? बायका पाया पडू लागल्या. आत्याची पाळी आली. ती वाकली, आणि आईच्या पायाला हात लावून तशीच थांबली. मीही त्या पायांकडं बघत होते. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. आत्यानं एकदा वर माझ्याकडं पाहिलं. मग ती जी रडायला लागली ती तिला उठवावी लागली.

आईनं पाय आखडले नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही मला जे पटलं नव्हतं ते मला तेव्हा पटलं.

कुंकवासाठी आबांना हाक मारली तर ते आत आले नाहीत. फाटकापाशी बसून राहिले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "माजं लावून झालंया. उन्हाळ्यातच लावलं मी." त्यांना कुणी काही समजावू शकलं नाही. कुंकू आत्यानं लावलं. भावकीत कुजबूज झाली ती झालीच. सिनेमानं बाई खाल्ली, असं लोक उघड बोलू लागले. लोकांचं काय, त्यांना कुणी मेलं की कारण लागतं. पण आबांनी ते मनाला लावून घेतलं. त्या हाताचा त्यांना विटाळ वाटू लागला. आईच्या फोटोला रोज कुंकू लावायचं काम आत्याकडं, ती येईल त्या दिवशी. ती नाही आली तर कपाळ तसंच. आणि यंदाच्या मृगात पहिली मूठ टाकायला बोलावणी आली तर आबांनी सगळ्यांना परत पाठवलं. आमच्या स्वतःच्या वाफ्यात बी गड्यानं टाकलं. "वंगाळ हात हाय," एवढंच म्हणायचे. जेवायचेसुद्धा ते खालमानेनं, हाताकडं न बघता.

दिग्दर्शकाचा सिनेमा आला म्हणून फोन आला तेव्हा आबांनी त्याला तोंड उघडू दिलं नाही. आमच्या घरात त्या सिनेमाचं नाव निघत नव्हतं.

तर रविवारी सकाळी मी तो सिनेमा बघत होते. पाया पडण्याचा प्रसंग आला. आत्या वाकली. प्रेतानं झटकन पाय आखडले, आणि त्याच क्षणी एवढा मोठा कर्कश आवाज आला की माझ्या हातून फोन पडता पडता राहिला. पोरांनी ते कापलंच नव्हतं. वाया गेलेला तुकडा उचलून त्यांनी त्यावर किंकाळी चिकटवली होती. खाली प्रेक्षकांनी लिहिलं होतं की अख्ख्या सिनेमात घाबरवणारी जागा एवढी एकच आहे, काळजाचं पाणी होतं. मी हसू लागले, आणि हसता हसता कधी रडू लागले ते कळलं नाही. लोक ज्याला घाबरत होते तो माझ्या आईचा शिष्टाचार होता.

मग कुंकवाचं दृश्य आलं. ते मी आधी एकदा बघितलं, मग पुन्हा, मग पुन्हा. मग गॅस बंद केला, नवऱ्याला चिठ्ठी लिहिली आणि गाडी काढली.

आबा पडवीत बसून भाताचा पेंढा बांधत होते. इंद्रायणी भाताचा वास अंगणभर होता. मला बघून म्हणाले, "आज कशी काय?"

"आबा, तुम्हाला सिनेमा दाखवायचाय."

ते उठून गोठ्याकडं निघाले. मी त्यांच्या मागं गेले. माझ्या तोंडाला लगाम नाही हे त्यांना माहीत आहे, ते माझं मला आईकडून मिळालंय. मी म्हणाले, "सबंध नका बघू. घाणेरडा सिनेमा आहे तो, तुम्हाला बघवणार नाही. पण एवढा एक तुकडा तुम्ही बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही. वैरण मी टाकते. तुम्ही बसा."

"मला न्हाई बघायचं तिचं मढं. एकदा बघितलंय."

"मढं नाहीये ते, आबा. तुम्ही बघा तर."

खूप वेळ ते पेंढीची गाठ उगाचच आवळत राहिले. मग पायरीवर बसले. मी त्यांच्या बाजूला बसले आणि फोन दोघांच्या मध्ये धरला. किंकाळीचा आवाज मी बंद केला होता. बायका वाकत होत्या. आत्या वाकली, आईचे पाय आत गेले.

आबांच्या तोंडून हुंकार निघाला. "ही बग," ते म्हणाले. "वन्संला पाया पडू दिईना." कुणाला सांगत होते कोण जाणे.

मग त्यांचा हात आला. काळा, भेगाळलेला, अंगठ्याच्या नखाखाली माती. आबांनी मान वळवली. मी म्हणाले, हाताकडं बघू नका, तिच्या तोंडाकडं बघा. त्यांनी बघितलं. अंगठा कपाळाला टेकला, आणि आईच्या मिटलेल्या तोंडाचा एक कोपरा थरथरला, वर गेला, आणि तिनं तो पुन्हा खाली ओढून धरला. क्षणभराचं काम. सिनेमावाल्यांच्या लक्षात आलं नाही, प्रेक्षकांच्याही नाही. मढं हसलं होतं.

आबांनी हात पुढं केला आणि पडद्यावर आईच्या कपाळाला बोट लावलं. चित्र थांबलं. मी पुन्हा चालू करायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

गाय दावणीला तोंड घासत होती. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही काय म्हणाला होता तिला?"

"कुटं काय."

"आबा."

ते फोनकडंच बघत होते. "म्हनलं, लई नटू नगंस. आदी माजा नंबर हाय."

मी फोनवरच्या आईच्या ओठांकडं पाहिलं.

"हसली म्हंजी कबूल झाली, आसंच धरलं मी," आबा म्हणाले. "खोटारडी."

आणि ते रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडापुढं हात घेऊन, त्याच हातात. मी त्यांना थांबवलं नाही. मला स्वतःलाच थांबवता येत नव्हतं. वर्षभर आम्ही बापलेक एकमेकांना काय खाल्लंस, पाऊस आहे का, एवढंच विचारत होतो. आईची आठवण येते हे त्यांनी मला किंवा मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी डबा खाताना मैत्रिणीनं पुन्हा विचारलं असतं तरी माझं उत्तर तेच असतं. बघण्यासारखा नाही. कथा फुसकी, काम सुमार, धूर गोवऱ्यांचा. त्यात एक बाई मोठ्या नणंदेला पाया पडू देत नाही आणि नवऱ्याच्या चेष्टेला हसू दाबते, एवढंच आहे. ते ज्याचं आहे त्यानंच बघावं.

त्या दुपारी मात्र मी वैरण टाकून, हातपाय धुऊन पडवीत आले तेव्हा आबा पायरीवर नव्हते. आतून करंड्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. मी दारातच थांबले. ते फोटोसमोर पाठमोरे उभे होते आणि अंगठा कुंकवानं लाल होता.

"फोटोवाल्यानं हिचं कपाळ लई बारीक काढलंया," ते म्हणाले. "आंगठा मावत न्हाई."